कारभार तिचा, सही त्याची

1996 मध्ये फौजीशी लग्न होऊन मी मेळघाटातल्या धारणीला आले. त्या काळी फौजीच्या बायकोला नवऱ्याचा पत्ता म्हणजे सेना क्रमांक, पलटणीचं नाव आणि '56 एपीओ' एवढाच ठाऊक असे. आंतरदेशीय पत्र नेमकं कुठं गेलं, ते फौजी डाकेलाच माहीत. उत्तर येईपर्यंत इथला निर्णय होऊन गेलेला असे. बियाणं कोणतं घ्यायचं, सासूबाईंना परतवाड्याला दाखवायचं की थेट अमरावतीला न्यायचं, हे विचारत बसण्यात अर्थ नव्हता. ठरवायचं आणि मग कळवायचं.

1999 चं कारगिल सगळ्यांच्या लक्षात आहे. आमच्या घराला मात्र त्यानंतरचा काळ जास्त जड गेला. 13 डिसेंबर 2001 ला संसदेवर हल्ला झाला, फौज सीमेवर गेली आणि ऑक्टोबर 2002 पर्यंत तिथंच खिळून राहिली. युद्ध झालंच नाही, म्हणून बाहेरच्यांना ते वर्ष आठवत नाही. फौजींच्या घरी मात्र रद्द झालेल्या सुट्ट्या आणि पुढं ढकललेल्या सोयरिकी आठवतात.

एरवी वर्षाला साठ दिवसांची सुट्टी, वर थोडी किरकोळ रजा. हे झेलम एक्सप्रेसनं खंडव्याला उतरायचे. धारणी महाराष्ट्रात, पण फौजीला घर गाठायचं ते मध्य प्रदेशातून! आले की पहिले आठ दिवस पाहुणचाराचे. मग मुलांच्या अभ्यासापासून सालदाराच्या पैशांपर्यंत सगळ्यात लक्ष घालायचे आणि घडी बसते न बसते तोच सुट्टी संपायची. एकटीनं घर चालवणं जमून गेलं. कारभार हाती देणं आणि दोन महिन्यांनी परत घेणं, हे मात्र दरवर्षी अवघड जायचं.

शांत ठिकाणी बदली झाली की क्वार्टर मिळे, पण नंबर लागल्यावर. तिथं मुलं हिंदीत शिकत आणि परत येऊन मराठी शाळेत अडखळत.

खरी अडचण कागदांची होती. सातबारा यांच्या नावावर, म्हणून पीककर्जाचं नवं-जुनं करायला सही यांचीच. शेत मी पाहायची, सोसायटीच्या लेखी मी कुणीच नव्हते. सैनिक कल्याण कार्यालय अमरावतीला. 2003 मध्ये माजी सैनिकांसाठी ईसीएचएस ही आरोग्य योजना आली, तिचा दवाखानाही तिकडंच. हरिसाल, सेमाडोह, घटांग करत सुमारे दीडशे किलोमीटर, त्यात घाटरस्ता. एका शिक्क्यासाठी अख्खा दिवस जायचा, पावसाळ्यात दुसराही. त्यात मेळघाटातल्या नावांची तऱ्हा वेगळी. कास्देकर, जांबेकर ही कोरकू आडनावं पलटणीच्या दप्तरात एक, आधारवर दुसरी आणि शाळेच्या दाखल्यावर तिसरी होऊन बसतात. लग्न आणि मुलांचा जन्म 'पार्ट टू ऑर्डर'मध्ये, म्हणजे सेवेच्या नोंदीत, नीट चढला नसेल, तर पेन्शनच्या वेळी बायकोलाच आपण बायको असल्याचा पुरावा द्यावा लागतो.

मग मोबाइल आला. टेलिग्राम 2013 मध्ये बंद झाला, त्यासोबत तार आल्यावर पोटात उठणारा गोळाही गेला. पण निर्णयाचा हक्कही थोडा गेला. पूर्वी मी ठरवायची, आता व्हॉट्सॲपवर विचारून ठरवायचं. चूक झाली तर माझी, आणि सही अजूनही त्यांचीच.

14 जून 2022 ला अग्निपथ योजना जाहीर झाली आणि सगळा हिशेबच बदलला. चार वर्षांची नोकरी, वर्षाला तीस दिवसांची सुट्टी, शेवटी सुमारे 11.71 लाखांचा सेवानिधी. चौघांतले तिघे परत येणार, तेही पेन्शनविना. आम्ही निदान पेन्शनकडं डोळे लावून बसलो होतो. या पोरांच्या बायकांना संसाराची जुळवाजुळव पहिल्या दिवसापासून करावी लागेल.

म्हणून नव्या सुनांना माझं सांगणं एवढंच. माणूस सुट्टीवर असतानाच कामं उरकून घ्या. बँकेचं खातं दोघांच्या नावे करा. सेवेच्या दप्तरात नाव आणि जन्मतारीख तपासा. मुखत्यारपत्र करून ठेवा. आणि जमीन असेल तर लक्ष्मी मुक्ती योजनेत सातबाऱ्यावर बायकोचं नाव लावून घ्या. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेनं ही चळवळ उभी केली, 1992 मध्ये सरकारनं तशी सोय केली. तीस वर्षं उलटली, तरी तलाठ्याकडं जायला अजून उशीर झालेला नाही.