जिभेखालची गोळी आणि अफूचा अंमल

गर्द किंवा अफूच्या वर्गातील गोळ्यांचे व्यसन सुटावे म्हणून जे औषध देतात, ते म्हणजे एक नशा टाकून दुसरी धरणे होय, हा समज बीड जिल्ह्यातील वडवणीसारख्या तालुक्याच्या गावीच नव्हे, तर शहरांतील सुशिक्षित कुटुंबांतही रूढ आहे. आणि जागतिक आरोग्य संघटनेने बुप्रेनॉर्फिन व मेथाडोन यांना २००५ साली अत्यावश्यक औषधांच्या यादीत स्थान देऊनही तो हटलेला नाही. वस्तुतः जिभेखाली विरघळणारे बुप्रेनॉर्फिन मेंदूतील गर्दच्याच जागेचा कब्जा घेते, परंतु तेथे अर्धवटच अंमल चालवते, म्हणून तलफ शमते, माणूस कामाला लागतो आणि वरून घेतलेल्या गर्दला पूर्वीसारखी दखल मिळत नाही.

हा कब्जा बळकट असल्यामुळेच दुसरा गैरसमज जन्मतो. अंगात गर्द भरपूर असताना गोळी घेतली, तर ती गर्दला एकदम बेदखल करते आणि तासाभरात रुग्णाला कडक टर्की, म्हणजे नशा तुटल्याचा त्रास, लागते. मग औषधच खोटे ठरते. दोष वेळेचा असतो. गर्द घेतल्याला निदान बारा तास लोटून जांभया, वाहते नाक, अंगावर काटा ही लक्षणे दिसू लागल्यावरच पहिली गोळी द्यायची असते, आणि मेथाडोननंतर तर याहून अधिक थांबावे लागते. पुष्कळजण या टर्कीचे खापर गोळीत बुप्रेनॉर्फिनच्या एक चतुर्थांश प्रमाणात मिसळलेल्या नॅलोक्झोन या अफूरोधकावर फोडतात. पण जिभेखालून ते जवळजवळ शोषलेच जात नाही, गोळी विरघळवून सुईने टोचणाऱ्यास अद्दल घडावी एवढ्यासाठीच त्याची योजना आहे.

मेथाडोनचा प्रकार निराळा: ते पूर्ण अंमल चालवते, त्यावर गर्द, दारू वा झोपेच्या गोळ्या घेतल्यास परिणामांची बेरीज होऊन श्वास मंदावतो. तिसरे औषध नाल्ट्रेक्झोन मात्र गर्दला केवळ मज्जाव करते. त्यापूर्वी सात ते दहा दिवस अफूवर्गीय काहीही घेतलेले नसावे लागते, आणि गर्दची मात्रा वाढवून हा मज्जाव मोडू पाहणे प्राणावर बेतते.

दसरा-दिवाळीनंतर टोळीबरोबर पश्चिम महाराष्ट्रात किंवा कर्नाटकात ऊसतोडीला जाणाऱ्या मजुराने हे सारे विशेष ध्यानी घ्यावे. मोळ्या वाहून पाठ धरली, की परगावचा डॉक्टर कदाचित ट्रॅमाडॉल देईल. २०१८ पासून अमली पदार्थांच्या कायद्याखाली आलेली ही गोळी अफूच्याच कुळातली असून नाल्ट्रेक्झोनवर ती वेदना फारशी शमवणार नाही, बुप्रेनॉर्फिनवरही तिचा गुण कमीच. पॅरासिटामॉलला असा अडसर नाही. तेव्हा चालू उपचाराचा कागद मुकादमाच्या पेटीत नव्हे, स्वतःच्या खिशात असावा. शिवाय हंगामात उपचार तुटून गर्दची जुनी मात्रा पुन्हा घेणे हा सर्वांत मोठा धोका आहे, कारण एव्हाना शरीराची सहनशक्ती उतरलेली असते आणि पूर्वी पचणारा डोसच श्वास थांबवू शकतो. म्हणून निघण्यापूर्वी पुढील गोळ्या कोठून मिळतील, हे आपल्या डॉक्टरांकडून ठरवून घ्यावे.