४२ गुणसूत्रे, जोड्या २१च

पावाच्या गव्हातली ४२ गुणसूत्रे तीन पूर्वज गवतांकडून आली. त्यांचे संच ए, बी आणि डी. हे संच एकमेकांशी इतके मिळतेजुळते, की अर्धगुणसूत्री विभाजनात कुणाचीही कुणाशी जोडी जमावी. तरी जमतात त्या २१ जोड्या, आपापल्या संचातच. काळाच्या ओघात हे संच परस्परांना परके झाले असतील, ही शंका रास्त. पण १९५८ मध्ये केंब्रिजच्या राल्फ रायली आणि व्हिक्टर चॅपमन यांच्या कामाने ती टिकली नाही. ५-बी गुणसूत्र नसलेल्या गव्हात वेगवेगळ्या संचांतली गुणसूत्रेही जुळू लागली. म्हणजे साम्य शाबूत आहे. त्याला आवर घालणारा ‘पीएच-१’ हा घटक ५-बीवर बसला आहे. (आपल्या २८ गुणसूत्रांच्या खपली गव्हातही तो असतोच.)

मग तो काढून रानगवतांतली रोगप्रतिकारक जनुके गव्हात का आणू नयेत? आणतातच, अर्नेस्ट सिअर्स यांनी १९७७ मध्ये मांडलेला त्याचा उत्परिवर्ती गहू त्यासाठीच वापरतात. मात्र पिढ्यांगणिक त्यात गुणसूत्रांची उलथापालथ साचते आणि दाणे कमी भरतात. त्यामुळे पीएच-१ला निव्वळ अडसर म्हणणे मला अपुरे वाटते. पीएच-१ म्हणजे नेमके काय, यावर अलीकडचे संशोधन ‘झिप-४’ जनुकाच्या ५-बीवरील जादा प्रतीकडे बोट दाखवते. ती चुकीच्या जोड्या रोखते, तशी योग्य जोड्या जुळवायलाही मदत करते.