नाताळची पंगत आणि एक तांब्या

मार्गशीर्षाची थंडी गोदाकाठी उतरली की नाशिकच्या पहाटेला दोन दिशांनी घंटानाद ऐकू येतो. एक रामकुंडाभोवतीच्या देवळांचा. दुसरा शरणपूरच्या बाजूने येणारा, ख्रिस्ती उपासनामंदिराचा. शरणपूर ही वस्ती एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास मिशनऱ्यांनी वसविली. आफ्रिकेतील गुलामांच्या व्यापारातून सोडविलेली मुलेही तेथे राहून शिकली. त्यांच्यापैकी जेकब वेनराइट हा १८७४ साली डेव्हिड लिव्हिंगस्टन यांच्या पार्थिवासोबत इंग्लंडपर्यंत गेला. ज्यांना कोठे ठाव नव्हता त्यांना ठाव देणारे ते शरणपूर. या नावाचा अर्थ मला व्याकरणाने लवकर कळला. अनुभवाने कळण्यास पुष्कळ वर्षे लागली.

‘नाताळ’ हा शब्द पोर्तुगीजांकडून मराठीत आला. त्याचे मूळ लॅटिन ‘नातुस’ म्हणजे ‘जन्मलेला’. त्याहून जुने रूप ‘ग्नातुस’. आपला संस्कृत ‘जन्’ धातू आणि त्यापासून झालेले ‘जात’ हे रूप याच कुळातले. रामनवमीला आणि गोकुळाष्टमीला जन्माचे कीर्तन करणाऱ्या माणसाला हा सण परका वाटण्याचे वास्तविक कारण नाही. परंतु शब्दांची सोयरीक जुळविणे सोपे, पाटाला पाट लावून बसणे अवघड.

आम्ही चौघे मित्र महाविद्यालयात संस्कृतच्या वर्गात एकत्र आलो. एक पुढे वकील झाला, एक बँकेत गेला, मी वडिलांच्या मागे कीर्तनाला उभा राहिलो आणि चौथा शाळेत संस्कृत शिकवू लागला. त्यालाच आम्ही मास्तर म्हणतो. मास्तर ख्रिस्ती. ‘मेघदूता’चा अन्वय आमच्यात सर्वांत नेमका तोच लावी. लग्न झाल्यावर १९८४ च्या नाताळात त्याने आम्हांला घरी जेवावयास बोलाविले. “बुवा, तू आलाच पाहिजेस,” असे त्याने मला निक्षून सांगितले.

मी गेलो, पण पिशवीत घरचे पाणी भरलेला तांब्या घेऊन गेलो. ताटातली केळी आणि संत्री तेवढी खाल्ली. कुणी काही बोलले नाही. पुढच्या वर्षी वहिनी म्हणाल्या, “भाऊजी, पाणी कशाला वाहून आणता? तुमच्यासाठी नवा तांब्या घेतला आहे. तो दुसऱ्या कुणी वापरायचा नाही. तुमच्या हाताने भरून घ्या.” पितळेचा तो लखलखीत तांब्या मी त्यांच्याच नळावर माझ्या हाताने भरला. नळ एकच, पाणी एकच. शुद्धी मात्र माझ्या हातात होती, अशी माझी समजूत. हळूहळू मी तेथे जेवूही लागलो. माझ्यासाठी वहिनींनी निराळी पातेली ठेवली होती. त्या रात्री मसालेभात, पुऱ्या, वांग्याची भाजी आणि श्रीखंड असे. करंज्या, चकल्या, शंकरपाळ्या यांची परात तर दिवाळीचीच वाटे. एवढे सगळे आपल्यासाठी होते म्हणून मी मनातून सुखावत असे.

१९९१ चा नाताळ. पंगत बसली होती. मास्तरांचा सहा वर्षांचा मुलगा ताटाकडे पाहत बसला होता. त्याने आईला विचारले, “शेजारी सगळ्यांकडे आज मटण आहे. बुवाकाका आले की आपल्याच घरी का नसतं?” वहिनींनी त्याला डोळ्यांनी दटावले. वकिलाने काहीतरी विनोद केला. पण माझा घास हातातच राहिला. सात वर्षे हे कुटुंब आपल्या वर्षाच्या मोठ्या सणाला, आपल्या देवाच्या जन्मदिवशी, माझ्या आचारासाठी स्वतःचे जेवण बाजूला ठेवीत होते. आणि मी मात्र तो माझा मान समजत होतो.

दुसऱ्या दिवशी पहाटे एका यजमानाकडे रुद्राभिषेक होता. रुद्रानंतर चमक म्हणावयास घेतला. या चमकात भक्त देवाजवळ धनधान्याबरोबर आणखी दोन गोष्टी मागतो. एक ‘सग्धि’, म्हणजे इतरांसह जेवणे. दुसरी ‘सपीति’, म्हणजे इतरांसह पिणे. विद्यार्थ्यांना हे शब्द मी अनेकदा फोडून सांगितले होते. त्या पहाटे ते तोंडात आले आणि जीभ अडखळली. जे मी देवाजवळ रोज मागत होतो, ते माझ्या मित्राच्या घरी दर वर्षी वाढलेले होते. मीच स्वतंत्र तांब्या घेऊन त्याच्यापासून दूर बसलो होतो. श्राद्धाचा स्वयंपाक भुकेल्या अंत्यजांना वाढणाऱ्या नाथांचे आख्यान मी षष्ठीच्या उत्सवात लावीत असे. त्या आख्यानाला श्रोते रडत. मीही रडत असे. कथेतले अश्रू आणि घरातले पाणी यांची गाठ मात्र मी कधी पडू दिली नव्हती.

नाशिककरांना लक्ष्मीबाई टिळकांचे स्मरण देण्याची गरज नाही. येथून जवळच्या जलालपूरच्या या बाईंनी ‘स्मृतिचित्रे’त आपल्या वडिलांचे पराकोटीचे सोवळे वर्णिले आहे. १८९५ साली पती नारायण वामन टिळक ख्रिस्ती झाले, तेव्हा त्याच सोवळ्याने त्यांना किती जाळले आणि पुढे ते त्यांच्या मनातून कसे गळून पडले, हेही लिहिले आहे. ते पुस्तक मी पुन्हा काढले. त्यांनी धर्म बदलला. मला तो बदलावयाचा नव्हता. पण माणसामाणसांतले अंतर हा धर्माचा गाभा नव्हे, एवढे समजण्यास धर्म बदलावा लागत नाही.

पुढच्या नाताळाआधी मी मास्तरांकडे गेलो आणि म्हणालो, “या वेळी तुमच्या घरी जे दर सणाला व्हायचं ते होऊ दे. मी माझी भाजीभाकरी खाईन. पण सगळ्यांच्या पंगतीत, आणि सगळ्यांच्या माठातलं पाणी पिऊन.” मास्तर बराच वेळ गप्प राहिला. मग एवढेच म्हणाला, “तुझ्या आईला सांगितलंस?”

सांगितले नव्हते. जेवून आल्यावर सांगितले. आईने विचारले, “पाणी कुणाच्या हातचं?” मी म्हणालो, “वहिनींच्या.” ती आठ दिवस माझ्याशी मोजके बोलली. एका उत्सवमंडळानेही त्या वर्षीचे कीर्तन परत घेतले. आई त्या घरी कधीच जेवली नाही, हेही खरेच सांगितले पाहिजे. पण दोन वर्षांनी नाताळच्या दिवशी तिने माझ्या हाती अनारशांचा डबा दिला. म्हणाली, “त्या बाईला दे. रिकाम्या हाताने जाऊ नये.” तिच्या बाजूने ती जितके चालू शकत होती तितके चालली. त्याहून अधिक मागण्याचा अधिकार मला नव्हता.

आता पंगत लहान झाली आहे. २०१६ साली वकील गेला. २०१९ साली वहिनी गेल्या. त्या वर्षी मास्तर म्हणाला, “आता राहू दे.” तेव्हा माझी पत्नी उठली आणि सरळ त्यांच्या स्वयंपाकघरात गेली. मास्तरांच्या मुलाने मटण शिजविले, हिने मसालेभात केला. कोणाचे व्रत मोडले नाही आणि कोणाचा सण उणा झाला नाही.

त्या दिवशी पातेले शोधताना हिला वरच्या फळीवर कापडात गुंडाळलेला एक तांब्या सापडला. तो माझाच, १९८५ सालचा. मी १९९२ नंतर त्याला हात लावला नव्हता. पण तो नव्यासारखा चकचकीत होता. मुलगा म्हणाला, “आई दर नाताळाला तो घासून परत ठेवायची. बुवाकाकांना कधी परत लागला तर, म्हणायची.”

वाचकहो, पाहुण्याचा मान म्हणजे काय, हे मला त्या तांब्याने शिकविले. मी बदललो याचा त्या माउलीला आनंद झाला असेलच; पण न बदलण्याची माझी वाटही तिने बंद केली नव्हती. आता तो तांब्या पंगतीच्या मधोमध असतो. मास्तर डोळे मिटून प्रार्थना करतो, आम्ही आमचा श्लोक म्हणतो, आणि मग तो तांब्या हातोहात फिरतो. सपीति या शब्दाचा याहून चांगला अर्थ मला कोणत्याही भाष्यात सापडलेला नाही.