हाताने शिकणे : पाबळकडून आपण काय घ्यावे?





शाळेच्या मागच्या बाजूची मोकळी खोली कशासाठी वापरावी, हा विषय विश्वस्त मंडळाच्या येत्या बैठकीत आहे. तेथे दुसरी संगणक खोली व्हावी, अशी बऱ्याच पालकांची इच्छा आहे. माझे मत कार्यशाळेच्या बाजूने आहे. निर्णय मंडळ घेईल. पण कार्यशाळेत मुले नेमके काय शिकतील, हे त्याआधी सर्वांना माहीत असावे, म्हणून हा लेख.

पुणे जिल्ह्याच्या शिरूर तालुक्यात पाबळ हे गाव आहे, कमी पावसाच्या पट्ट्यातले. डॉ. श्रीनाथ कलबाग हे अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठातून अन्नतंत्रज्ञानात पीएच.डी. करून आलेले शास्त्रज्ञ. मुंबईला हिंदुस्थान लिव्हरच्या संशोधन केंद्रात त्यांची उत्तम नोकरी होती. ती सोडून त्यांनी १९८३ मध्ये पाबळला 'विज्ञान आश्रम' सुरू केला. मूल काम करता करता स्वाभाविकपणे शिकते, तीच पद्धत शाळेत आणावी, हा त्यांचा विचार. २००३ मध्ये ते गेले, काम मात्र चालू राहिले.

तेथून तयार झालेला अभ्यासक्रम माध्यमिक शाळांसाठी आहे. आठवड्यातला एक दिवस मुले हाताने काम करतात. विभाग चार: अभियांत्रिकी, ऊर्जा व पर्यावरण, शेती व पशुपालन, गृह व आरोग्य. मुले वेल्डिंग करतात, वायरिंग करतात, रोपवाटिका सांभाळतात, रक्तगट आणि हिमोग्लोबिन तपासायला शिकतात. पुढे महाराष्ट्र बोर्डाने त्याला पूर्वव्यावसायिक विषय म्हणून मान्यता दिली.

मला यातल्या दोन गोष्टी फार महत्त्वाच्या वाटतात. पहिली, मुलांनी केलेली वस्तू किंवा सेवा गावातल्या कोणाच्या तरी उपयोगाची असते. नमुना बनवून कपाटात ठेवला की त्यातली चूक कोणाला दिसत नाही. फाटक शेजाऱ्याच्या अंगणात बसवायचे असेल तर माप चुकवून चालत नाही. दुसरी, शिकवणारे बहुधा गावातलेच कारागीर असतात.

आता तंत्रज्ञानाचे. पाबळला घुमटाकार घरे बांधतात, त्यांना 'पाबळ डोम' म्हणतात. मित्रांनो, घरी करून पाहा. पुठ्ठ्याच्या चार पट्ट्या टाचणीने जोडून चौकोन करा आणि एका कोपऱ्यावर दाबा. चौकोन लगेच कलंडतो. तीन पट्ट्यांचा त्रिकोण करा, तो हलत नाही. घुमटाचा सांगाडा अशा त्रिकोणांचा बनतो, म्हणून आत एकही खांब लागत नाही. भूमितीच्या पुस्तकात त्रिकोणाची एकरूपता असते, ती हीच.

याच पाबळला २००२ मध्ये अमेरिकेच्या एमआयटी या प्रसिद्ध संस्थेच्या सहकार्याने 'फॅब लॅब' सुरू झाली. संगणकावर आकृती काढायची आणि यंत्राने ती कापून घ्यायची, अशी ही प्रयोगशाळा. एमआयटीबाहेरच्या पहिल्या फॅब लॅबमध्ये तिची गणना होते. संगणक तेथे पोहोचला तेव्हा हात आधीच तयार होते, हा क्रम लक्षात घेण्यासारखा आहे.

कल्पना तशी जुनी. माझे पदवीचे शिक्षण हिंदी माध्यमात झाले. १९३७ च्या वर्धा परिषदेतली गांधीजींची 'बुनियादी शिक्षा' आम्ही परीक्षेपुरती पाठ करत असू. आपल्या शेजारी, डहाणू तालुक्यात, ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी व कोसबाडला पाने, बिया, शंख-शिंपले घेऊन आदिवासी मुलांना शिकवले. तेव्हा हे आपल्या भागाला अगदीच परके नाही.

आपल्याकडे सुरुवात पावसापासून करता येईल. एक चौरस मीटर छतावर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. सिलवासात वर्षाला दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. शंभर चौरस मीटरच्या छतावर दोन लाख लिटर! सगळे हाती लागत नाही, तरी किती लागते ते मोजता येते. आठवीची मुले बाटली कापून पर्जन्यमापक करतील, पन्हळ बसवतील, टाकीला पाइप जोडतील. नववीची मुले त्याच टाकीला पातळी सांगणारा सेन्सर लावतील आणि रोजच्या नोंदी संगणकात भरतील. म्हणजे आहे ती संगणक खोलीच जास्त वापरली जाईल.

विजेचेही तसेच. शंभर वॅटचे वीस संगणक पाच तास चालले तर दहा युनिट वीज लागते. हा हिशेब मुलांनी शाळेच्या मीटरवर पडताळून पाहावा.

काही पालक म्हणतील, "आम्ही कारखान्यात पाळी करतो, ती मुलाला करावी लागू नये म्हणूनच शाळेत घातले. तुम्ही पुन्हा पाना हातात देता?" खानदेशातून, कोकणातून येऊन पिपरिया-मसाटच्या यंत्रांवर उमेद घालवलेल्या माणसाचा हा प्रश्न आहे आणि तो मी हलका मानत नाही. पण त्याच कारखान्यात पहा, यंत्राला कंट्रोल पॅनल आले. यंत्र का थांबले हे ज्याला कळते, त्याचा पगार आणि ज्याला फक्त बटण दाबता येते, त्याचा पगार सारखा नसतो. इंजिनिअर होणाऱ्या मुलालाही हात लागतातच. शिवाय हे काम 'ढ' मुलांचे ही समजूत शाळेनेच मोडली पाहिजे; म्हणून ते सर्व मुलामुलींना सक्तीचे असावे, निवडीचे नको. मुलींनी वायरिंग आणि मुलांनी स्वयंपाक, यात सूट नाही. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्येही सहावी ते आठवीच्या मुलांसाठी दहा दिवस दप्तराविना, स्थानिक कारागिरांकडे शिकण्याचे सांगितले आहे.

माझा प्रस्ताव लहान आहे: आठवी-नववीला आठवड्यातून अर्धा दिवस, एका वेळी वीसच मुले. सुरक्षा चष्मे आणि विजेच्या टेबलाला गळती होताच वीज तोडणारा स्विच, एवढे आधी; ड्रिल मशीन नंतर. ते नसेल तर खोली उघडू नये.

पालकांपैकी कोणी इलेक्ट्रिशियन, फिटर, सुतार, गवंडी, शिवणकाम करणाऱ्या ताई, बांबूकाम जाणणारे वारली बांधव असतील, त्यांनी महिन्यातले दोन तास देण्याची तयारी असल्यास बैठकीपूर्वी शाळेच्या कार्यालयात नाव नोंदवावे. कोणता वार जमेल, तेही लिहावे.