तेरड्याला शेपूट असते

साताऱ्यात राजवाड्याजवळच्या एका जुन्या घराची माडी. श्रावण सरत आलेला आहे. खिडकीतून एरवी समोर उभा असणारा यवतेश्वराचा डोंगर सकाळपासून ढगात आहे आणि पागोळ्या थांबायचं नाव घेत नाहीत. सतरंजी गुंडाळून कोपऱ्यात ठेवली आहे, कारण खाली बसलं की उठताना आधार लागतो. तीन टेबलं जोडून भोवती खुर्च्या मांडल्या आहेत आणि त्यांवर सत्तरी ओलांडलेली दहा-बारा माणसं बसली आहेत. टेबलावर गुलाबी, जांभळे, पिवळे, पांढरे क्रेपचे कागद, बारीक तार, हिरव्या चिकटपट्टीची रिळं, जाड मुठीच्या कात्र्या आणि वाटीत गव्हाच्या पिठाची खळ.

आज कास करायचं ठरलं आहे. पठार इथून पंचवीसेक किलोमीटरवर. पश्चिम घाटाबरोबर 2012 साली त्याचं नाव युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेलं. ऑगस्टअखेरीपासून ऑक्टोबरपर्यंत ते फुलतं, आणि नेमके तेच दिवस गुडघे दुखणाऱ्या माणसाला तिथे जायला सर्वांत अवघड. जांभ्याचा खडक निसरडा, वारा सोसाट्याचा, सुट्टीच्या दिवशी गर्दी मोठी. इथे बसलेल्यांपैकी बहुतेकांना पठारावर जाऊन बरीच वर्षं झाली आहेत.

एक काकू पहिलं फूल पुरं करतात. गुलाबी तेरडा. पाकळ्या नेटक्या, देठ हिरवा. फूल हातोहात टेबलाच्या टोकाला बसलेल्या तात्यांकडे जातं. तात्या एसटीतले निवृत्त कंडक्टर. कासवरून बामणोलीला जाणाऱ्या गाडीवर त्यांची बरीच नोकरी झाली. ते फूल उलटं करून बघतात.

"आवो वैनी, ह्याची शेपूट कुठंय? तेरड्याला मागं शेपूट असती. बारीक, वाकडी."

टेबलावरचे सगळे हात थांबतात. काकू चष्मा वर करतात, क्षणभर विचार करतात आणि मान डोलावतात. "खरंच की. लहानपणी ती तोडून आम्ही चोखायचो." कागदाची बोटभर पट्टी कापून, ओल्या बोटांनी वळून त्या मागे चिकटवतात. फूल आता खरोखरच तेरड्याचं दिसतं.

मग ज्याला त्याला काहीतरी आठवू लागतं. शाळेत विज्ञान शिकवलेल्या एक बाई सीतेची आसवं करतात: जांभळी, नखाएवढी. करता करता त्या सांगतात, की जांभ्यावर मातीचा थर पातळ आणि नत्र कमी, म्हणून हे इवलं रोप पाण्यातले बारीक जीव पकडून पोट भरतं. शेजारचे अण्णा वायतुरा घेऊन बसले आहेत. साचलेल्या पाण्यातून वर येऊन तुरा दोन फांद्यांत फुटतो, हे ते तारेला गाठ मारून दाखवतात. या वनस्पतीच्या शास्त्रीय नावातच 'सातारेन्सिस' आहे, हे कळल्यावर त्यांची मान ताठ होते. पलीकडे टोपली कारवीचा विषय निघतो. सात वर्षांनी एकदा फुलणारी कारवी कुणी किती वेळा पाहिली याचा हिशेब सुरू होतो आणि त्या हिशेबात कुणाचं लग्न, कुणाची बदली, कुणाच्या मुलाचा जन्म एकेक करून येऊन बसतो.

खिडकीजवळच्या आजोबांना कंपवात आहे. कात्री त्यांच्या हातात टिकत नाही, म्हणून ते गेंद करतात. पांढऱ्या कागदाचे कपटे तळहातांमध्ये वळायचे, गोळी झाली की बारीक तारेवर खोचायची. कापणं नाही, मोजणं नाही. त्यांनी धरलेला गेंद तारेवर डुलत राहतो. तात्या ते पाहून म्हणतात, "वाऱ्यावर आस्संच हालतंय बगा ते." आजोबा हसतात आणि पुढचा गेंद वळायला घेतात.

क्रेपचं तंत्र इथे सगळ्यांना ठाऊक झालं आहे. कागदाच्या चुण्या देठाच्या दिशेने उभ्या ठेवायच्या. ताण आडवा द्यायचा. दोन्ही अंगठ्यांनी पाकळीचा मध्य हलकेच ताणला की तिला वाटीसारखी खोली येते. ज्यांचे अंगठे दुखतात ते चमच्याची पाठ दाबतात. पांढरी फुलं करणाऱ्यांच्या पुढ्यात काळं कापड अंथरलं आहे, म्हणजे मोतीबिंदूच्या डोळ्यांनाही कड दिसते.

या पावसाचं पाणी वेण्णेतून माहुलीला कृष्णेत जातं, कऱ्हाडला त्याला कोयना मिळते आणि पुढे ते सांगलीला पोहोचतं. त्याच आठवड्यात मी सांगलीत, गावभागातल्या एका पहिल्या मजल्यावरच्या खोलीत आहे. आत येणारा प्रत्येक जण चप्पल काढता काढता एकच विचारतो, "आयर्विनला किती?" 2019 च्या ऑगस्टमध्ये त्या पुलाजवळ पाणी 57 फुटांवर गेलं होतं. आज नदी पात्रात आहे, हे ऐकून माणसं निवांत होतात आणि कामाला लागतात.

इथे गौरींची तयारी चालू आहे. रंग मात्र दुकानातला नाही. सांगलीच्या हळदीला 2018 साली भौगोलिक मानांकन मिळालं. या घरांत ती त्याच्या कितीतरी आधीपासून रोजच्या हातातली आहे. पतंगाचा पांढरा कागद हळदीच्या पाण्यात बुडवून दोरीवर वाळत घातला आहे. त्याच्या पट्ट्यांना बारीक कातरे देऊन, त्या गुंडाळून शेवंती होते. मग एक आजी चुन्याच्या निवळीत कापसाचा बोळा बुडवून पाकळीच्या टोकाला लावतात. पिवळं टोक बघता बघता लाल होतं. कोपऱ्यात बसलेली त्यांची पणती ओरडते, "आजी, परत कर!"

"अगं, हळदीचं कुंकू असंच तर होतं," आजी सांगतात आणि बोळा तिच्या हातात देतात. उन्हात हा रंग उडतो, म्हणून हार आतल्या खोलीत बांधायचा, हेही सांगतात.

भिंतीला टेकून बसलेले नाना तरुणपणी हौशी नाटकांची रंगमंचामागची कामं करायचे. विष्णुदास भाव्यांनी 1843 साली 'सीतास्वयंवर' केलं ते याच गावात, आणि नाटकाचं वेड इथल्या कित्येक घरांत अजून आहे. नाना सांगतात, "खरा गजरा दिव्यांच्या धगीनं तिसऱ्या अंकापर्यंत मान टाकतो. म्हणून कागदाचा करायचा. आणि शेवटच्या रांगेतल्या माणसाला दिसला पाहिजे." त्यांची फुलं वीतभर मोठी, पाकळ्या फिक्या, मध्य गडद. बारीक काम दिसत नाही म्हणून आतापर्यंत नुसत्या बसून असलेल्या एक मावशी ते फूल डोळ्यांजवळ घेतात, लांब धरतात आणि म्हणतात, "हे मला दिसतंय हो. कागद द्या इकडं." नाना लगेच आपली खुर्ची त्यांच्याजवळ ओढतात.

'म्हाताऱ्या माणसांचा वेळ जावा म्हणून' असं या कामाबद्दल पुष्कळदा ऐकू येतं. दोन्ही खोल्यांत बसून मला ते पटत नाही. तेरड्याची शेपूट, तुऱ्याची दोन टोकं, हळदीवरचा चुना, शेवटच्या रांगेचा हिशेब: यातलं काहीच तयार साहित्याच्या खोक्यात मिळत नाही. ते या माणसांजवळ आहे आणि कुणी विचारलं तरच बाहेर येतं. तेरड्याचा रंग तीन दिवस, असं आपण म्हणतो. कागदाचा तेरडा पुढच्या गौरींपर्यंत टिकेल. पण तो कसा करायचा हे जाणणारा हात जपायचा, तर ते काम आजच करावं लागेल.

सांगलीच्या खोलीत पुढचं ठरतं आहे. सप्टेंबरअखेर सूर्य हस्त नक्षत्रात जाईल आणि हादगा बसेल. हत्तीचं चित्र लागेल, सोळा फळांची माळ लागेल. पण गल्लीतलं हादग्याचं झाड केव्हाच तोडलं गेलं आहे आणि तिथल्या मुलींनी त्याचं फूल पाहिलेलं नाही. आजी पांढऱ्या कागदातून कोयरीच्या आकाराची पाकळी कापून दाखवतात, त्याच्या भाजीची चवही सांगतात. पुढच्या बैठकीला गल्लीतल्या मुलींना बोलवायचं आणि शिकवायचं आजींनी, यावर सगळ्यांचं एकमत होतं.

आपल्या घरातल्या आजी-आजोबांपुढे आपणही कागद आणि कात्री ठेवावी. पण त्याआधी त्यांना विचारावं, की तुमच्या अंगणात या दिवसांत काय फुलायचं, आणि त्याला मागून शेपूट होती का?