वकील बदलला तरी फाइल आपलीच

कौटुंबिक न्यायालयात येणाऱ्यांशी आम्ही बोलतो तेव्हा दोन्ही टोकं ऐकायला मिळतात. कुणी म्हणतं, ‘वकीलबाईंनी धीर दिला, पोटगी मिळवून दिली.’ कुणी म्हणतं, ‘पैसे घेतले, पण तारखेला ज्युनिअरच यायचा.’ काहींची तर फी थकली म्हणून कागदपत्रंच अडकतात. अशा वेळी घाबरू नका. थकलेल्या फीपोटी वकिलाला अशिलाची फाइल अडवून ठेवता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं २००० साली स्पष्ट केलंय. फीची वसुली हा वेगळा मार्ग. म्हणूनच वकीलपत्रावर सही करण्याआधी फी किती आणि तारखेला कोण उभं राहणार, हे लिहून घ्या. आणि परवडतच नसेल तर? १९८७च्या कायद्यानुसार स्त्रियांना, उत्पन्न कितीही असो, विधी सेवा प्राधिकरणाकडे मोफत वकील मागता येतो.