मुंगसाचे पिल्लू आणि आमचे घर

मागच्या उन्हाळ्यातली गोष्ट. तूर-हरभरा निघाल्यावर शेजारच्या शेताचा धुरा सरळ करायला जेसीबी आला होता. सातवीतला माझा मुलगा संध्याकाळी शर्टात काहीतरी गुंडाळून घरी आला. फुटलेल्या बिळात मुंगसाचे एकच पिल्लू जिवंत सापडले होते.

"अम्मी, याला आपण पाळू या. मोबाइलवर लोक असेच फेरेट पाळतात," तो म्हणाला. सासूबाईंनी लगेच दुजोरा दिला, "राहू दे बेटा, घरात साप तरी येणार नाही."

मलाही पिल्लाची दया आली. वाटीत दूध आणले. तेवढ्यात घाबरलेल्या पिल्लाने मुलाच्या बोटाला कडकडून चावा घेतला. रक्त आले आणि आमचे सगळ्यांचे लाड तिथेच थांबले.

मुंगसापासूनही रेबीज होऊ शकतो आणि हा आजार एकदा झाला की जीव वाचणे जवळजवळ अशक्य. जखमेवर हळद किंवा चुना न लावता वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे हात धुतला आणि तडक सरकारी दवाखाना गाठला. त्याच दिवशी, मग तिसऱ्या, सातव्या आणि अठ्ठाविसाव्या दिवशी अशा चार खेपा झाल्या. अल्लाहच्या कृपेने मुलगा ठणठणीत आहे.

त्या रात्री मुलाला समजावताना मलाही बरेच उमगले. फेरेट दिसायला मुंगसासारखा असला तरी तो पाळीव प्राणी आहे. सशांच्या शिकारीसाठी माणसाने त्याला दोन हजारांहून अधिक वर्षांपासून माणसाळवले. परदेशात टाकून दिलेले फेरेट सांभाळणारी केंद्रे आहेत, तिथून लोक ते दत्तक घेतात. आपले मुंगूस मात्र रानातले. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने ते पाळता येत नाही. असा प्राणी हाती आला, तर 48 तासांच्या आत पोलीस ठाण्याला किंवा वन अधिकाऱ्याला कळवावे लागते. आपल्या कितीतरी घरांत पिंजऱ्यात 'मिठ्ठू' असतो. तो पोपटही याच कायद्यात येतो, हे अनेकांना माहीत नसते.

"पण अम्मी, मी तर त्याला वाचवलं होतं ना?" मुलाने विचारले. मी त्याला मांजरीची हदीस सांगितली. एका बाईने मांजर कोंडून ठेवली, खायला दिले नाही आणि स्वतःचे अन्न शोधायला मोकळेही सोडले नाही. त्यासाठी तिला शिक्षा झाली. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी सांगितलेल्या या गोष्टीत उपाशी ठेवणे हा गुन्हा आहेच, पण न सोडणेही त्यातच आले. मुलगा बराच वेळ गप्प बसला.

वनविभागाच्या 1926 या टोल फ्री क्रमांकावर फोन केला. पिल्लाला दूध न देता, भोके पाडलेल्या खोक्यात मऊ कापडावर, अंधाऱ्या शांत जागी ठेवले. गाईच्या दुधाने अशा पिल्लांना जुलाब होतात आणि ड्रॉपरने पाजायला गेले तर दूध श्वासनलिकेत जाते. सकाळी वनकर्मचारी येऊन पिल्लू घेऊन गेले. आपल्या जिल्ह्यात पिपरी (मेघे) येथे करुणाश्रम आहे, जखमी आणि अनाथ वन्यप्राण्यांवर तिथे उपचार होतात, हेही मुलाला सांगितले.

खोके रिकामे झाले तेव्हा तो रडला. मी अडवले नाही.

पुढे पावसाळ्यात शाळेच्या पडवीत एक लंगडे मांजराचे पिल्लू सापडले. या वेळी त्याने ते उचलण्याआधी मला हाक मारली. जाड टॉवेलात गुंडाळून पशुवैद्यकीय दवाखान्यात नेले. तीन महिन्यांचे झाल्यावर त्याला रेबीजची लस दिली, दरवर्षी द्यायची आहे. पुढे नसबंदीही करून घेणार आहोत, नाहीतर तिची पिल्ले पुन्हा रस्त्यावरच येतील.

मांजरीवर जीव लावणारे सहाबी अबू हुरैरा (रजि.) याच नावाने ओळखले गेले, म्हणजे 'मांजरीच्या पिल्लाचे वडील'. हे ऐकून मुलगा हसतो आणि रोज स्वतःच्या हाताने तिची वाटी भरतो. सासूबाई आधी कुरकुरल्या. आता मांजर त्यांच्याच जानमाजच्या कडेला झोपते.